आर्टिचोक: भाजी वेगळी, कॅप्सूल वेगळी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. हेडफोन जवळ नसतील तर वाचा, असतील तर वर प्ले दाबा.)

 

आजचा विषय आमच्या घरच्या डायनिंग टेबलवर सापडला. दोन महिन्यांपूर्वी शनिवारी घरी गेलो, तर लोणच्याच्या बरणीशेजारी एक हिरवी बाटली. वर मोठ्या अक्षरात ‘लिव्हर डिटॉक्स’ आणि खाली कमळाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या, पण काटेरी अशा कशाचं तरी चित्र. बाबांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "आर्टिचोक. कोलेस्टेरॉल उतरतं, लिव्हर साफ होतं. रीलमध्ये बघितलं."

आता पार्श्वभूमी सांगतो. बाबांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १६८ आलं होतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ लिहिलेलं. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली होती. आणि बाबांचा बेत असा होता की ती गोळी बंद करायची आणि ही बाटली सुरू करायची. का? तर "हे नैसर्गिक आहे."

मी म्हटलं, बाबा, दोन दिवस द्या, मी वाचतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण एखादी नवी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचायची सवय आहे. तेच इथे केलं. त्यातून जे हाती लागलं तो हा भाग.

आधी ओळख करून घेऊ

आर्टिचोक मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. आजही इटली, स्पेन, इजिप्त हे देश ते पिकवण्यात पुढे आहेत. शास्त्रीय नाव सिनारा स्कोलिमस. कुळ सूर्यफुलाचं, म्हणजे झेंडू, शेवंती, करडई ही त्याची भावंडं. ज्यांनी सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात करडईच्या शेतात पाय घातलाय त्यांना ते काटे आठवतील. आर्टिचोक त्याच जातकुळीतलं, फक्त अंगानं दांडगं. झाड माणसाएवढं उंच होऊ शकतं.

नावाचा प्रवासही मजेशीर आहे. अरबीत अल-खर्शूफ, तिथून स्पॅनिशमध्ये अल्काचोफा, मग इटलीमार्गे इंग्रजीत आर्टिचोक. आपल्याकडे हिंदीत त्याचं झालं हाथीचक! हत्तीचा आणि त्याचा काही संबंध नाही, कानाला जसं ऐकू आलं तसं नाव पडलं.

आणि एक घोळ आत्ताच मिटवू. ‘जेरुसलेम आर्टिचोक’ नावाची एक वस्तू मिळते. ते आल्यासारखं दिसणारं कंद आहे, सूर्यफुलाच्या सख्ख्या भावाचं. आज आपण त्याबद्दल बोलत नाही आहोत.

खातात काय आणि कसं?

आपण खातो ती आर्टिचोकची न उमललेली कळी. झाडावर तशीच राहू दिली तर तिचं जांभळं, झुपकेदार फूल होतं. पण तोपर्यंत ती खाण्यालायक राहत नाही.

ज्यांच्या घरी केळफुलाची भाजी होते त्यांना आर्टिचोक समजावून सांगायला एक मिनिट पुरतं. केळफुलासारखीच वरची राठ पानं काढत काढत आत जायचं. केळफुलासारखंच चिरलं की काळं पडतं, म्हणून तिकडे ते लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकतात. अगदी मधोमध, कोवळ्या फुलांचा केसाळ गुंता असतो. तो घशात अडकू शकतो, म्हणून खरवडून काढायचा. त्याच्याखाली जो गुबगुबीत तळ उरतो ते ‘आर्टिचोक हार्ट’. पिझ्झावर मिळतं ते हेच.

आख्खी कळी उकडली तर साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. मग एकेक पाकळी ओढायची आणि तिच्या बुडाचा गर दातांनी ओरपायचा. अगदी आमटीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. ताटात शेवटी चोथ्याचा ढीग उरतो, तोही शेवग्यासारखाच. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीत आख्खी कळी तेलात दोनदा तळतात, ती उमलून सोनेरी फुलासारखी दिसते. ‘कार्चोफी अल्ला जुदिया’ असं त्या पदार्थाचं नाव.

एक गंमत. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, हा खेळ आपण सगळ्यांनी शाळेत असताना केलाय. आर्टिचोक खाल्ल्यावर अनेकांना तसंच होतं. १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर चक्क एक शोधनिबंध आला होता. आर्टिचोकमधल्या सिनारिन आणि क्लोरोजेनिक आम्ल या दोन द्रव्यांकडे त्यात बोट दाखवलं होतं. सिनारिन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

भाजी म्हणून फायदा काय?

१०० ग्रॅम कच्च्या आर्टिचोकमध्ये साधारण ४७ कॅलरी, ५.४ ग्रॅम फायबर, ३ ग्रॅमच्या वर प्रथिनं, ३७० मिलीग्रॅम पोटॅशियम आणि ६० मिलीग्रॅम मॅग्नेशियम असतं. फोलेटही चांगलं असतं. भाजीच्या मानानं हे आकडे दमदार आहेत.

त्यातल्या फायबरचा एक भाग म्हणजे इन्युलिन. हे आपल्याला पचत नाही, ते सरळ मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंचं जेवण होतं. २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात ३२ निरोगी माणसांना रोज १० ग्रॅम आर्टिचोकमधून काढलेलं इन्युलिन तीन आठवडे दिलं. त्यांच्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया वाढलेले दिसले. दुसरी बाजूही सांगतो. ज्यांचं पोट नाजूक आहे, ज्यांना कांदा-लसूण जास्त झाला की गॅस होतो, त्यांना इथेही होणार. कारण दोन्हीकडे कर्बोदकं त्याच प्रकारची.

आता प्रामाणिक हिशेब. आपल्याकडे ताजं आर्टिचोक शोधावं लागतं, मिळालं तर महाग मिळतं, आणि बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यातल्या डब्यातच मिळतं. डब्यातलं घेतलं तर धुऊन घ्या, मीठ बरंच असतं. आणि फक्त फायबर हवं असेल तर १०० ग्रॅम पेरूमध्येही साधारण ५.४ ग्रॅमच असतं. शिजवलेल्या छोल्यांत त्याहून जास्त, साधारण साडेसात ग्रॅम. त्यामुळे आर्टिचोक मिळालं, आवडलं, तर जरूर खा. नाही मिळालं तर काहीही बुडत नाही. कोपऱ्यावरचा पेरूवाला आहे.

मग कॅप्सूलमध्ये काय असतं?

आता येतो मुख्य मुद्द्यावर. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. बाटलीवर चित्र कळीचं असतं, पण औषधी अर्क काढतात तो पानांपासून. म्हणजे झाडाच्या बुडाशी येणारी ती लांबलचक, कातरलेली, कडूजहर पानं, जी भाजी म्हणून कोणी खात नाही. सिनारिन, क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिनसारखी द्रव्यं आणि कडवटपणा देणारं सिनारोपिक्रिन, हा सगळा मसाला पानात भरपूर असतो.

म्हणजे पिझ्झावरचं आर्टिचोक खाऊन कोलेस्टेरॉल उतरेल असं कोणी म्हणत असेल, तर तो दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतोय. जे प्रयोग झालेत त्यांतले बहुतेक पानांच्या अर्कावर झालेत. कळीची भाजी हा आहार आहे, पानांचा अर्क हे औषधासारखं वागणारं द्रव्य आहे. आहाराला ‘नैसर्गिक आहे, चालतंय’ म्हणता येतं. दुसऱ्याला नाही.

पोटासाठी ही कडू पानं वापरायची परंपरा युरोपात जुनी आहे. इटलीत १९५२ साली ‘चिनार’ नावाचं कडू मद्य बाजारात आलं, त्याच्या बाटलीवर आजही आर्टिचोक असतं. १९५४ साली इटालियन शास्त्रज्ञ पानिझ्झी आणि स्कार्पाती यांनी सिनारिनची रचना जगासमोर मांडली, आणि तेव्हापासून हा अर्क नेमकं काय करतो याचा शोध सुरू झाला.

पित्त, पण आपलं ‘पित्त’ नाही

हा अर्क प्रामुख्यानं काय करतो? पित्तरसाचा प्रवाह वाढवतो. इथे थांबा, कारण मराठीत इथे हमखास गोंधळ होतो.

आपण "मला पित्त झालंय" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं की ॲसिडिटी झालीये, छातीत जळजळतंय. ते जठरातलं आम्ल. मी म्हणतोय तो पित्तरस वेगळा. तो यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतो, पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतो आणि आपण तेलकट-तुपकट खाल्लं की नळीवाटे आतड्यात येतो. काम काय? तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं धुतलं तर निघत नाही, साबण लागतो. पित्तरस हा पोटातला तो साबण.

आणि हा साबण यकृत बनवतं कशापासून? कोलेस्टेरॉलपासून! त्यामुळे पित्तरस जास्त बनला, जास्त वाहून गेला, तर कोलेस्टेरॉल खर्ची पडतं. शिवाय उंदरांच्या यकृतपेशींवरच्या प्रयोगात असंही दिसलं की अर्कातलं ल्युटिओलिन नवं कोलेस्टेरॉल बनण्याची प्रक्रिया थोडी मंदावतं. पण ते काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये. लॅपटॉपवर चाललेला कोड प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणून माणसांवर काय दिसलं ते बघू.

पुरावा किती?

पहिलं, कोलेस्टेरॉल. जर्मनीत १४३ लोकांवर प्रयोग झाला, ज्यांचं एकूण कोलेस्टेरॉल खूपच जास्त होतं. निम्म्यांना रोज १८०० मिलीग्रॅम पानांचा अर्क, निम्म्यांना रिकामी गोळी, सहा आठवडे. अर्कवाल्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी २९९ वरून २४४ वर आलं. छान! पण रिकाम्या गोळीवाल्यांचंही २९७ वरून २७२ वर आलं. म्हणजे अर्काचं खरं श्रेय मधल्या फरकाएवढंच.

दुसरा प्रयोग ब्रिटनमध्ये, ७५ लोकांवर, १२८० मिलीग्रॅम, १२ आठवडे. तिथे २७७ वरून २६५. जेमतेम ४ टक्के. तिसऱ्या प्रयोगात ४४ निरोगी माणसं होती, त्यांच्यात एकूण फरक दिसलाच नाही. हे तीनही प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानं म्हटलं की शक्यता दिसते, पण पुरावा खात्री पटण्याएवढा नाही.

याच्या शेजारी स्टॅटिन ठेवा. मध्यम ताकदीची स्टॅटिनची गोळी एलडीएल साधारण ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते, आणि तिनं हार्ट अटॅक कमी होतात हे हजारो लोकांवर वर्षानुवर्षं तपासलं गेलंय. आर्टिचोकच्या अर्कावर तसं काही झालेलं नाही. रिपोर्टमधला आकडा थोडा सुधारणं वेगळं आणि अटॅक टळणं वेगळं.

दुसरं, पोट. इथे आर्टिचोकची बाजू जरा बरी आहे. जेवल्यावर पोट जड होणं, फुगणं, मळमळणं, आणि तपासण्यांत मात्र काही न सापडणं, असा त्रास अनेकांना असतो. अशा २४७ रुग्णांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा आठवड्यांत रिकाम्या गोळीपेक्षा अर्कानं जास्त आराम पडला. जर्मनीच्या ‘कमिशन ई’नं पानांना अपचनासाठी मान्यता दिली होती. युरोपीय औषध संस्थाही अशाच तक्रारींसाठी त्याचा वापर मान्य करते, पण ‘पारंपरिक वापर’ या सदरात. म्हणजे लोक पिढ्यानपिढ्या वापरत आलेत या आधारावर.

तिसरं, लिव्हर. २०१८ साली फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज ६०० मिलीग्रॅम, दोन महिने. यकृताच्या एन्झाइमचे आकडे सुधारले. आशादायक आहे, पण दोन महिने आणि शंभरेक माणसं, एवढाच त्याचा आवाका. आणि ‘डिटॉक्स’? लिव्हर म्हणजे फिल्टरची जाळी नव्हे की तिच्यात कचरा अडकला, काढून धुवा. विषारी द्रव्यं मोडून बाहेर टाकणं हे त्याचं रोजचं काम, ते ते करतच असतं. त्याच्यावर चरबी चढली असेल तर ती उतरवायचा खात्रीचा मार्ग वजन कमी करणं, चालणं आणि दारू सोडणं हाच. कंटाळवाणा आहे, माहितीये.

चौथं, तुमच्यापैकी काहींच्या कामाचं. पार्टीच्या आधी आर्टिचोकची कॅप्सूल घेतली की हँगओव्हर होत नाही, असं सांगणारे महाभाग आहेत. २००३ साली कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये हा प्रयोगही आला. १५ माणसं, दारूच्या आधी आणि नंतर कॅप्सूल. फरक? शून्य.

रिपोर्टमधली खालची ओळ

एवढं वाचून झालं तेव्हा माझं मत साधारण असं झालं होतं: फार उपयोग नाही, पण घेतलं तर बिघडतंय काय? मग युरोपीय औषध संस्थेच्या माहितीपत्रातला ‘कोणी घेऊ नये’ हा परिच्छेद वाचला. पित्तनळीत अडथळा असणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, पित्तनलिकेचे इतर आजार किंवा हिपॅटायटिस असणाऱ्यांनी घेऊ नये.

मी बाबांची सोनोग्राफी परत उघडली. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’च्या खाली आणखी एक ओळ होती. पित्ताशयात ८ मिलिमीटरचा एक खडा. त्रास काही नव्हता म्हणून डॉक्टर म्हणाल्या होत्या, नुसतं लक्ष ठेवू. आणि आम्ही सगळे ते विसरूनही गेलो होतो.

आता जोडून बघा. हा अर्क पित्तरसाचा प्रवाह वाढवतो. तोच त्याचा गुण. पण पिशवीत खडा निवांत पडलाय आणि तुम्ही प्रवाहाला जोर लावला, तर तो खडा नळीच्या तोंडाशी जाऊन अडकायचा धोका असतो. मग असह्य पोटदुखी, कावीळ, कधी स्वादुपिंडाला सूज, थेट ऑपरेशन. म्हणजे ज्या गुणामुळे औषध, त्याच गुणामुळे धोका. आणि फॅटी लिव्हर असणाऱ्या अनेकांच्या पित्ताशयात खडेही असतात, कारण वाढलेलं वजन आणि मधुमेह दोन्हीच्या मुळाशी असू शकतात. ‘लिव्हर डिटॉक्स’ची जाहिरात नेमकी त्याच माणसाला गाठते ज्यानं आधी आपला रिपोर्ट बघायला हवा.

बाटलीवर ही सूचना होती का? मी शोधली. नव्हती. इंग्रजीत, बारीक अक्षरात, ‘औषधी वापरासाठी नाही’ एवढं मात्र होतं. आपल्याकडे असे सप्लिमेंट अन्नाच्या कायद्याखाली विकले जातात आणि हे वाक्य छापावंच लागतं. पुढे ‘लिव्हर’ आणि मागे ‘औषधी वापरासाठी नाही’. शिवाय आठ वनस्पतींच्या मिश्रणात आर्टिचोक होतं फक्त ५० मिलीग्रॅम. प्रयोगांत ६०० ते १८०० होतं, आठवतंय ना? म्हणजे पैसेही पाण्यात.

आणखी कोणी जपायचं?

ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी आहे, ते रस्त्याकडेचं काँग्रेस गवत, ज्यानं अंगाला खाज सुटते, त्यांनी जपावं. कारण तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं आणि दोघांत एकाच गटातली कडू द्रव्यं आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांवर पुरेसा अभ्यास नाही, म्हणून त्यांनी अर्क घेऊ नये. १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. आणि कुठलीही रोजची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना बाटलीचा फोटो पाठवा. विचारायला लाजू नका. हे सगळं अर्काबद्दल आहे बरं का, ताटातल्या भाजीबद्दल नाही.

मग बाबांचं काय झालं?

सोमवारी डॉक्टरांना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "बाटली बंद, गोळी चालू, आणि रोज पाऊण तास चालायचं." बाबा दोन दिवस घुश्शात होते. "तू काय डॉक्टर झालास का?" वगैरे झालं. मग त्यांना सोनोग्राफीची ती ओळ दाखवली आणि शांतपणे सगळं समजावलं, त्या साबणाच्या उदाहरणासकट. आता ते चालतात. बाटली आईनं कचऱ्यात टाकली, झाकण मात्र धुऊन ठेवलं. का, ते विचारू नका, प्रत्येक आईकडे झाकणांचा डबा असतो.

तर आजचं काम सोपं आहे. घरी जा, आई-बाबांच्या टेबलावर, कपाटात कुठल्या बाटल्या आहेत ते बघा. मागची बाजू वाचा. आणि त्यांचे रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ते आपल्याला इंग्रजी शिकवतात आणि मग इंग्रजी रिपोर्ट स्वतः अर्धवट वाचून ठेवून देतात. उरलेलं अर्धं वाचणं आपल्याकडे लागतं.

आणि कधी चांगलं, ताजं आर्टिचोक मिळालंच, तर उकडा, लिंबू पिळा, शेवग्यासारखं ओरपा आणि वर गार पाणी प्या. गोड लागलं का ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!